वीस तारखेची सही

त्याला सगळे ओळंबा म्हणत. हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. अडतीस वर्षांपूर्वी लिफ्टच्या कंपनीत तो नवा नवा लागला, तेव्हा उस्तादाने त्याला सात मजली खड्ड्यात लिफ्टचे लोखंडी रूळ बसवायला लावले होते. वरून ओळंबा सोडून पाहिलं तर रूळ केसभरसुद्धा कलले नव्हते. उस्ताद कुणाचं कौतुक करणाऱ्यांतला नव्हता. त्याने दोरीला लटकणाऱ्या त्या गोळ्याकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा दुसरा ओळंबा." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे बायकोसुद्धा रागावली की "अहो ओळंबे" म्हणायला लागली.

असा हा नाकासमोर चालणारा माणूस त्या मंगळवारपासून घरात एका जागी बसेनासा झाला. पंखा लाव, पंखा बंद कर. हत्यारांच्या पिशवीचं बक्कल उघड, आत हात घालून काहीतरी चाचप, बक्कल परत लाव. जेवताना भात पुढ्यात आणि नजर पिशवीकडे.

"पिशवीत साप ठेवलाय का?" बायकोने विचारलं.

साप नव्हता, पण वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती, आणि ती तिथे आहे हे जगात फक्त त्याला माहीत होतं.

झालं होतं असं. एका जुन्या आठ मजली इमारतीची लिफ्ट त्याच्याकडे होती. महिन्यातून दोनदा, सहाला आणि वीसला, तो ती तपासायला जाई. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी ती लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, पण थांबली ती मजल्याच्या चार बोटं खाली. त्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. त्यांनी सवयीने पाऊल उचललं, पाय कडेला अडखळला आणि त्या बाहेरच्या फरशीवर आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं.

तासाभरात ओळंबा तिथे हजर झाला. धापा टाकत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि ब्रेकचे झिजलेले पट्टे काढून नवे बसवले. खाली आल्यावर सगळ्यांना म्हणाला, "ब्रेक जरा सेट केला. आता काळजी नको." जुने पट्टे त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाला टाकले होते. तीच ती पुडी.

आणि आता मंगळवारी मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं.

"परदेशातल्या हेड ऑफिसातून एक बाई येतायत. सोमवारी अकरा वाजता त्या इमारतीच्या कमिटीच्या खोलीत बसणार आहेत. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय, इंग्रजीत. दुभाष्या नको म्हणतात. दुभाषे सारवासारव करतात म्हणे."

"साहेब, माझं इंग्रजी म्हणजे 'अप' आणि 'डाउन'."

"मग तेच जरा लांबव." मॅनेजरने सर्व्हिस कार्ड पुढे सरकवलं. वीस तारखेच्या चौकटीत 'ब्रेक ठीक' लिहिलेलं, खाली ओळंब्याची सही. "हे बघ. वीसला तू ब्रेक तपासलास, ठीक होता. सत्तावीसला सहाव्या मजल्यावरच्यांनी लोखंडी कपाट लिफ्टमधून नेलं आणि वॉचमनने ते जाऊ दिलं. म्हणजे काय झालं असणार? जादा वजनाने ब्रेक गेला असणार. दुसरं काय असणार?"

"असणार," ओळंबा म्हणाला.

"बस्स, एवढंच लिहून आण. कमिटीला तसंही त्या वॉचमनला काढायचंय. त्याची जिन्याखालची खोली त्यांना सायकली ठेवायला हवीय. तुझ्या कागदासाठीच थांबलेत."

ते 'असणार' त्याच्या तोंडून निघून गेलं आणि तिथून त्याच्या जिवाला घोर लागला. कारण वीस तारखेला तो त्या इमारतीकडे फिरकलाच नव्हता.

लिफ्टच्या धंद्यात एक रीत आहे, ती कुठल्याही नियमाच्या पुस्तकात सापडणार नाही. मशीनरूम असते सगळ्यात वर. लिफ्ट तपासायची म्हणजे ती बंद ठेवायची, म्हणजे आठ मजले पायी, आणि वर गच्चीची लोखंडी शिडी. म्हणून एकदा वर गेलं की मेकॅनिक कार्डावर दोन सह्या ठोकून मोकळा होतो, एक आजची आणि एक पुढच्या खेपेची. पुढच्या खेपेला खालीच उभं राहून आवाज ऐकायचा, बटणं दाबून पाहायची आणि परत फिरायचं. उस्ताद हेच करायचा. त्याचा उस्तादही हेच करत असेल. सगळे करतात, म्हणून कुणालाच त्यात काही वाटत नाही.

त्या सहा तारखेला ओळंब्याने ब्रेकच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं होतं. पट्टे पातळ झाले होते. आणखी पंधरा दिवस निघतील, वीसला नवे आणून बसवू, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि हाताने मात्र सवयीप्रमाणे दोन्ही चौकटींत 'ब्रेक ठीक' लिहून दोन्हीकडे सही केली.

वीस तारखेला नवे पट्टे पिशवीत होते. पिशवी खांद्याला होती. आणि त्याला कंटाळा आला. आता इथे मी काहीतरी बरं कारण सांगावं असं तुम्हाला वाटेल. नाही हो. घरात कुणी आजारी नव्हतं, पाय मुरगळला नव्हता. आठ मजले आणि ती शिडी डोळ्यांपुढे आली आणि अडतीस वर्षांचा कंटाळा एकदम आला. त्याने वॉचमनकाकांना फोन केला. "काका, आज जमत नाही. कुणी विचारलं तर येऊन गेला म्हणा."

"म्हणतो की," काका म्हणाले.

काका साठीचे. जिन्याखालच्या खोलीत एकटे राहत. त्या खोलीचं छत तिरकं, माणसाला फक्त मधल्या दोन फरशांवर ताठ उभं राहता येई. मशीनरूमची किल्ली त्यांच्या कमरेच्या दोरीला बांधलेली, आणि आधी चहा, मग किल्ली, हा त्यांचा नियम. ओळंब्यासाठी कान तुटलेला एक निळा कप वेगळा ठेवलेला असे. अपघातानंतर कमिटीच्या सेक्रेटरीने त्यांना विचारलं, "वीसला मेकॅनिक आला होता?" काका म्हणाले, "येऊन गेला." दिलेला शब्द त्यांनी पाळला, आणि त्या शब्दानेच त्यांच्याभोवती फास आवळत आला. मेकॅनिक आला होता, ब्रेक ठीक होता, मग चूक कुणाची?

हे सगळं ओळंब्याला दिसत होतं. आंधळा नव्हता तो.

इंग्रजीचं काम म्हटल्यावर तो ताईकडे गेला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तेहेतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. आता संध्याकाळी तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती ड्रायव्हर, नर्सा, दुकानांतल्या मुली शिकायला बसत. लाल पेन कायम तिच्या कानावर.

"एक कागद लिहून दे ना," तो म्हणाला.

"मी लिहून देत नाही. शिकवते. बस."

"अगं, सोमवारी हवाय."

"मग लवकर बस."

तिने वहीत एकाखाली एक ओळी मारल्या. झालेल्या गोष्टीबद्दल बोलायचं, पण आपण ती डोळ्यांनी पाहिलेली नाही, अशा वेळी इंग्रजी माणूस आधी स्वतःला विचारतो, मला खात्री किती? खात्री जेवढी, तसा शब्द. सगळ्यात खाली 'माइट हॅव'. झालंही असेल, कोण जाणे. त्याच्यावर 'कुड हॅव'. होऊ शकलं असेल, वाट मोकळी होती. सगळ्यात वर 'मस्ट हॅव'. झालंच असणार. आणि तितकंच वर, पण उलट्या बाजूला, 'कान्ट हॅव'. शक्यच नाही.

"म्हणजे मजले," ओळंबा म्हणाला.

"मजले म्हण. पण वरच्या मजल्यावर जायला पुरावा लागतो. आणि एक लक्षात ठेव, बनवलेली वाक्यं माझ्या टेबलावर चालत नाहीत. आपल्या घरातली, कामातली खरी आण."

बुधवारी तो वाक्य घेऊन आला. वॉचमनने जादा वजन घातलंच असणार, मस्ट हॅव. ताईने शुद्धलेखन सुधारलं आणि विचारलं, "तू पाहिलंस?"

"नाही."

"कपाट किती वजनाचं?"

"असेल ऐंशी किलो."

"आणि तुझी लिफ्ट किती उचलते?"

"चारशे."

"मला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही," ताई म्हणाली. "पण चारशेत ऐंशी मावतात एवढं कळतं. उतर खाली. 'माइट' लिही."

गुरुवारी तो 'माइट' घेऊन आला. ताईने विचारलं, कपाटाबरोबर आणखी कोण होतं? वॉचमन एकटाच, तोही मूठभर हाडांचा. कपाट गेल्यानंतर लिफ्ट दिवसभर नीट चालली का? चालली. ताईने त्या वाक्यावर तिरपी रेघ मारली. शुक्रवारपर्यंत बिचारं कपाट तळमजल्यावरूनही हाकललं गेलं आणि ओळंब्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं, की कपाटामुळे हे झालेलं असणं शक्यच नाही. घरी जाताना एका ऑफिसच्या इमारतीत त्याला एक लिफ्ट पाहायची होती. तिथे तो लिफ्टने वर गेलाच नाही. पाच मजले जिन्याने चढला, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून दाराला कान लावून ब्रेकचा आवाज ऐकत राहिला. वाटेत भेटलेल्या झाडूवाल्या बाईने त्याला पाणी हवंय का विचारलं.

शनिवारी ताई म्हणाली, "आता 'शुड हॅव'. हा जरा वेगळा. करायला हवं होतं, केलं नाही. यात अंदाज नाही. केलं नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. पहिलं वाक्य मी लिहिते."

तिने लिहिलं आणि मराठीत सांगितलं, "मी त्याला परत शाळेत घालायला हवं होतं."

"कुणाला?"

"तुला. बाबा गेले तेव्हा तू सोळाचा होतास. पाना हातात घेतलास म्हणून माझं कॉलेज झालं. मला नोकरी लागल्यावर तुला परत शाळेत पाठवता आलं असतं. मला पुढची परीक्षा द्यायची होती, म्हणून मी तो विषयच काढला नाही."

"जाऊ दे गं, ताई."

"जाऊ दे म्हणवून घ्यायला नाही सांगितलं. वाक्य कसं असतं ते दाखवलं. हं, आता तू."

इतक्या वर्षांत त्यांच्यात हा विषय कधी निघाला नव्हता, आणि हिने तो चहाची कपबशी सरकवावी तसा टेबलावर ठेवला. वही ओढून ओळंब्याने भराभर लिहिलं. काकांनी कपाट अडवायला हवं होतं. आजींनी खाली बघायला हवं होतं. कमिटीने नवी लिफ्ट घ्यायला हवी होती.

ताईने वाचलं. लाल पेन कानावरच राहिलं. मग तिने मागची पानं उलटली, बोटाने मोजलं.

"धाकट्या, पाच दिवसांत एकवीस वाक्यं लिहिलीस. काका आहेत, आजी आहेत, कमिटी आहे, कपाटसुद्धा आहे. तू कुठे आहेस यात?"

"पाणी पिऊन येतो," असं म्हणून तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि मागच्या दाराने निघून गेला. घरी पोचल्यावर बायकोने दाखवून दिलं की पायांत ताईच्या चपला आहेत.

रविवारी सकाळी तो इस्पितळात गेला. स्वतःला त्याने सांगितलं, आजींना विचारायचंय, लिफ्ट थांबताना काही आवाज आला होता का, म्हणजे कागदात घालायला बरं. खरं तर घरात त्याला बसवत नव्हतं. आजी खिडकीजवळच्या खाटेवर होत्या, एक पाय वजन बांधून ताणलेला. याला पाहून त्या ओशाळल्यासारख्या हसल्या.

"तुम्ही लिफ्टवाले ना? तुम्हाला उगाच हेलपाटा. अहो, माझंच चुकलं. वीस वर्षं त्या लिफ्टमधून उतरतेय, पायाखाली बघायला नको? पिशव्या खाली ठेवून उतरले असते तर काही झालं नसतं."

"आजी, तुमचं काही चुकलं नाही."

"तो वॉचमनही असाच. रोज येतो आणि स्टुलावर बसून राहतो. म्हणतो, पिशव्या मी वर आणून द्यायला हव्या होत्या. मी म्हटलं, अरे तुला काय स्वप्न पडणार होतं? पण तो कसनुसा होतो आणि गप्प बसतो." त्यांनी चादर सारखी केली. "मला घरी जाता येईल ना हो? डॉक्टर म्हणतात, जाल. लिफ्ट आहे म्हणून तर चौथ्या मजल्यावर राहते मी. आता ती नीट आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

आवाजाचं विचारायचं राहूनच गेलं. ओळंबा जिन्याने खाली आला आणि इस्पितळाच्या फाटकापाशी उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही. ज्यांचा काडीचा दोष नाही ती दोन माणसं रोज एकमेकांसमोर बसून स्वतःला बोल लावत होती, आणि ज्याचा दोष तो पाच दिवस ताईच्या टेबलावर बसून कपाटाचं वजन करत होता.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. कपाट, कार्ड, काकांना केलेला फोन, पिशवीतली पुडी.

"त्या दिवशी कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. कंटाळा आला होता."

"कंटाळा?" उठून तिने भांडी आदळली, दोन-चार ताटल्या अशाच, धुतलेल्याच. "नोकरी जाईल?"

"जाईल कदाचित."

"मला भीती वाटतेय, आधीच सांगते. मला ते शूरपणा वगैरे जमत नाही." तिने ओट्यावर हात टेकले. "पण लिहा. त्या माणसाची खोली घालवून तुम्ही या घरात पंखा लाव, पंखा बंद कर करत बसणार, ते मी बघू?"

सोमवारी अकरा वाजता कमिटीच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले. हेड ऑफिसच्या बाई उंच, साखळीचा चष्मा गळ्यात. त्यांच्या शेजारी मॅनेजर, समोर सेक्रेटरी. दोन खुर्च्या रिकाम्या असूनही काका दारापाशी उभे होते. ओळंब्याने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

त्याने कागद उघडला आणि वाचायला लागला. उच्चार खडबडीत होते, पण अडखळला नाही. त्याचं मराठी असं होईल. वीस तारखेला मी यायला हवं होतं. मी आलो नाही. सहा तारखेला ब्रेकचे पट्टे पातळ झालेले मी पाहिले होते. ते मी लगेच बदलायला हवे होते. बदलले नाहीत. वीसची सही मी सहालाच केली होती. कपाटामुळे हे झालेलं असणं शक्य नाही.

मग त्याने पिशवीचं बक्कल उघडलं आणि पुडी टेबलावर ठेवून उलगडली. आतले पट्टे रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत झिजलेले होते. मॅनेजरने एकदा पुडीकडे आणि एकदा छताकडे पाहिलं. बाईंनी चष्मा लावून एक पट्टा उचलला, बोट फिरवलं, अगदी सहा तारखेला याने फिरवलं होतं तसंच.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तुम्ही आला नव्हतात हे आणखी कुणाला माहीत असू शकेल?

हा प्रश्न ताईच्या वहीत नव्हता. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण खोलीतला आवाज बंद झाला की काहीतरी आपल्यावर आलं हे कुठल्याही माणसाला कळतं. ते दारातून एक पाऊल पुढे आले.

"मी त्यांना सांगितलं होतं," ओळंबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "माझ्यासाठी ते म्हणाले. चूक माझी."

सेक्रेटरी मराठीत म्हणाला, "काय काका, खरं का हे? आम्हाला तर येऊन गेला म्हणालात."

"खोटं बोललो मी," काका म्हणाले, आणि मान खाली घालून उभे राहिले.

सगळं गोड झालं असं समजू नका. नोकरी गेली नाही, पण ओळंब्याचा सहीचा अधिकार कंपनीने काढून घेतला. ज्या मेकॅनिकला त्याने स्वतः बारा वर्षांपूर्वी पाना धरायला शिकवलं, त्याच्या हाताखाली आता तो पिशवी घेऊन जायचा. एक खेप, एक सही, असा नवा हुकूम निघाला, आणि कंपनीतले निम्मे लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, कारण आता सगळ्यांनाच दर वेळी वर चढावं लागत होतं. "ओळंबा सरळ, बाकीच्यांच्या पायांत गोळे," असं जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालंच. काकांची खोली राहिली. कपाटाचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं नाही, तरी खोटं बोलल्याबद्दल कमिटीने त्यांना ताकीद दिली, सगळ्यांना दिसेल अशी, नोटीस बोर्डावर. ती वाचायला ते चष्मा शोधत होते, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

ताईने कागदाची प्रत मागून घेतली. दोन ठिकाणी लाल पेन लावलं, परत दिली आणि म्हणाली, "माझ्या चपला?"

त्या महिन्याच्या वीस तारखेला तो नव्या मेकॅनिकबरोबर त्या इमारतीत गेला. काकांनी स्टोव्हवर चहा ठेवलेला होता. त्यांनी नव्या मेकॅनिकला कप दिला, मग कमरेची किल्ली सोडून त्याच्याच हातात दिली. निळा कप फळीवर पालथा होता. ओळंबा दारात उभा राहिला.

दोघं आठ मजले चढले, शिडी चढले. नव्या मेकॅनिकने ब्रेक पाहिला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, वीसच्या चौकटीत सही केली आणि पेन खिशाला लावलं. पुढची चौकट कोरी राहिली. ओळंब्याची नजर तिच्यावरच होती.

खाली आल्यावर नवा मेकॅनिक लिफ्टची बटणं दाबून पाहायला गेला आणि किल्ली परत द्यायचं काम ओळंब्यावर आलं. काकांनी ती घेतली, दोरीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. इतका वेळ ते त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"मला त्या कागदाचं वाईट वाटत नाही," काका म्हणाले. "बोर्डावर लावला, लावू देत. पण अठ्ठावीसला तू इथून धावत वर गेलास आणि धावत बाहेर गेलास. एकदा आत यायचं होतंस. म्हणायचं होतंस, काका, आता खरं सांगून टाका. त्याच दिवशी सांगितलं असतं मी. तुला शब्द दिला होता म्हणून बारा दिवस त्या म्हातारीच्या खाटेशी बसून आलो, आणि ती मलाच समजावत होती. आणि शेवटी सगळ्यांसमोर मला कळलं, की आता बोललं तरी चालतं."

ओळंब्याला सोमवारचा कागद पाठ होता. आलो नाही, बदलले नाहीत, सही केली. त्याने मनातल्या मनात तो वरपासून खालपर्यंत परत वाचला. काकांना मोकळं करायला हवं होतं, हे त्यात कुठेच नव्हतं.

तिरक्या छताखाली मान वाकवून तो आत आला आणि मधल्या फरशीवर उभा राहिला.

"हो काका," तो म्हणाला. "यायला हवं होतं."